हॉपरवरचे तीन ठोके

खडीच्या प्लँटवर नवीन यंत्रणा बसली तेव्हा सगळ्यात जास्त खूश मी होते. क्रशर, पट्टे, चाळण्या, सगळं आता कंट्रोल रूममधल्या एका पडद्यावरून चालणार होतं आणि त्या पडद्यासमोरची खुर्ची मला मिळाली होती. अंगावर धूळ नाही. घरी गेल्या गेल्या ढब्बूला, माझ्या दहा महिन्यांच्या लेकीला, तशीच छातीशी धरता यायचं.

पण प्लँट सारखा बंद पडायचा. दगड ओततात त्या हॉपरच्या सेन्सरला जोराचा हादरा जाणवला, की काहीतरी अडकलं समजून यंत्रणा सगळंच थांबवायची. मी सत्तर पायऱ्या चढून वर जायची. काही नसायचं. रेलिंगला टेकून बाबा तेवढे हसत उभे. माझे वडील एकोणतीस वर्षं त्याच जागी होते. यंत्रणेचा जम बसेपर्यंत त्यांना वर ठेवलं होतं. प्लँट सुरू करायला मी पुन्हा उतरायची. पायांचे नुसते तुकडे पडायचे.

"आठ दिवस बघू," इंजिनिअर म्हणाले. "नाहीतर मालक म्हणतायत, काढून टाका, पहिलं होतं तेच बरं."

पहिलं म्हणजे बाबांच्या छातीत तीच धूळ. आधीच त्यांना खोकल्याने झोप नव्हती.

पाचव्या दिवशी डबा द्यायला वर गेले, तर बाबा हॉपरच्या पत्र्यावर हातोड्याने ठोकत होते. दोन हलके, एक जोरात. खाली प्लँट गप्प.

"बाबा! तुम्ही?"

"मी काय? आत भुकटी चिकटते. ठोकलं नाही तर तोंड बुजतं त्याचं."

"अहो, त्यानेच बंद पडतंय सगळं!"

"एवढं भित्रं मशीन आणलं कशाला मग?" ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. बराच वेळ थांबेना. मग डोळे पुसत म्हणाले, "मला वाटायचं, तू मला बघायला चढून येतेस."

मी डबा त्यांच्याजवळ ठेवून खाली आले. संध्याकाळी मात्र इंजिनिअरना सगळं सांगितलं.

बाबांना खाली आणलं. फाटकावरचं काम देत होते. "तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकू?" म्हणाले आणि घरी ढब्बूला सांभाळायला लागले. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. प्लँट सुरळीत चालला.

मग एके दिवशी ओला दगड आला. पडद्यावर हॉपर भरलेला, पट्टा मात्र रिकामाच फिरतोय. सेन्सरला काही पत्ता नाही. मी वर जाऊन घरी फोन लावला.

"बाबा, कुठे ठोकू?"

"पत्र्याच्या जोडाच्या वर वीतभर. दोन हलके, एक जोरात. आणि हात सांभाळ गं."

तिसऱ्या ठोक्याला आतला दगड धडधडत खाली गेला. आणि सगळा प्लँट थांबला. दमलेल्या डोक्याला सेन्सर बंद करायचं सुचलंच नव्हतं.

"सुटलं?" फोनमधून बाबा. मागे ढब्बू चमच्याने काहीतरी बडवत होती. "मग आवाज का नाही येत?"

मी पायरीवर बसले. "बंद पडला. मी ठोकलं म्हणून."

ते खो-खो हसले. खोकला आला. मी फोन कानाला दाबून ऐकत राहिले. तो थांबला, या वेळी लवकर थांबला.

मग उठले आणि सत्तर पायऱ्या उतरायला लागले.