इंजिनरूमचं दार

लेकीने तीन वर्षं खपून गेम तयार केला होता. भर समुद्रात एक रिकामं जहाज सापडतं, त्यावरची माणसं कुठे गेली ते खेळणाऱ्याने हुडकायचं. पण चाचणीला बसवलेले लोक अर्ध्यावरच कंटाळून उठत होते. शेवटी तिने वडिलांना बसवलं. त्यांची उभी हयात जहाजांवर, चीफ इंजिनिअर म्हणून गेलेली. निवृत्त झाले तरी शेजारीपाजारी त्यांना ‘चीफ’च म्हणत.

चीफनी कंट्रोलर उलटा धरला. सुलटा करून दिल्यावरही दहा मिनिटं ते नुसते भिंतींवर आपटत होते.

“बाबा, कॅप्टनच्या केबिनमध्ये जा. तिथे डायरी आहे.”

“डायरी काय वाचायची? खरं काय झालं ते खाली कळतं.” जिने उतरत ते इंजिनरूमपाशी गेले आणि थबकले. “इथे आग लागली होती ना? मग हे दार सताड उघडं कसं?”

“खेळणाऱ्याला आत जाता यावं म्हणून.”

“छे! माणसं मोजायची, दार लावायचं, मग आत गॅस सोडायचा. गॅसने आग विझते. आत माणूस राहिला असेल तर तोही.”

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. बायको हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“मी लावलंय असं दार. वरून निरोप आला, सगळे बाहेर आहेत. गॅसच्या हँडलवर हात ठेवला आणि ओरडा झाला, एक कमी आहे! यंत्रांचं तेलपाणी बघणारा. त्याला आम्ही मुका म्हणायचो, कारण त्याचं तोंड कधी मिटायचं नाही. दार उघडायला गेलो, तर ते तापून अडकलेलं.”

“मग?”

“कॅप्टन म्हणतोय, सोड गॅस, जहाज जाईल. मी नाही सोडला. सात मिनिटांनी पठ्ठ्या पलीकडच्या सुटकेच्या शिडीने वर आला. भुवया जळालेल्या. मला एक सणसणीत शिवी हासडली आणि बोटीत जाऊन बसला.”

“आणि जहाज?”

“गेलं. तोवर आग हाताबाहेर गेली होती. ठपका माझ्यावर आला. वर्षभर घरी बसवलं. घरी सांगितलं, पाठ धरलीय.”

“अहो!” बायको मागून म्हणाली. “आणि मी वर्षभर तुमच्या पाठीला तेल चोळत होते!”

चीफ गोरेमोरे झाले. लेकीला हसू आवरेना, मग रडूही.

“बाबा, हे गेममध्ये घेऊ?”

“घे. पण शिडी ठेव. शोधायला लाव हवं तर, पण ठेव.”

तिने डायरी काढूनच टाकली. आता खेळणारा बंद दारापाशी उभा असतो, हात गॅसच्या हँडलवर. चाचणीतलं कुणी मधूनच उठत नाही. चीफनी तो भाग एकदाच, लेकीला शेजारी बसवून पाहिला आणि म्हणाले, “बरा झालाय. तो तेलाचा पाइप तेवढा निळा नको, निळा पाण्याचा असतो.”