माझ्या तोंडावरचा मास्क

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, हवेचा. अंगाने जेवणाच्या डब्याएवढा. मला कामगाराच्या कमरेला बांधतात आणि माझी नळी त्याच्या कॉलरला अडकवतात. तो नाकाने जी हवा घेतो, तीच मी नळीच्या तोंडाने ओढतो. तिथल्या पांढऱ्या चकतीवर बसलेली धूळ तपासली, की त्याच्या छातीत काय जाते आहे ते कळते.

नवा होतो तेव्हा ताथवड्याच्या प्रयोगशाळेत माझे कोण कौतुक! पुढे नवे पंप आले आणि मी कपाटात गेलो. यंदा त्यातला एक ऐनवेळी बंद पडला, तेव्हा कुठे तपासनीस वर्षालीताईंना माझी आठवण झाली.

चाकणजवळच्या एका कारखान्याच्या शेडवरून जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे होते. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. पाणी मारून, बोल्ट सोडवून ते अखंड उतरवायचे असतात. फोडले तर डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, छातीत रुततात आणि कित्येक वर्षांनी जीव घेतात.

ताईंनी मला समाधानच्या कमरेला बांधले आणि त्या दुसऱ्या कामावर गेल्या. समाधान जालन्याकडचा, कामाला वाघ. मुकादम अर्जुनरावांनी त्याला बजावले, "मशीन महागाचं आहे, भावा. जिवापाड जप."

त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. समाधानने हातोडीला हळदकुंकू वाहिले, मलाही वाहिले आणि हात जोडले. पूजेत वेळ गेला म्हणून अर्जुनरावांनी पाणी मारणे टाळले. "फोडा रे पटापट," म्हणाले. धुळीचा लोट उठला तसा समाधान थबकला. मला वाटले, आता हा मागे सरेल. कसले काय! त्याने आपल्या नाकावरचा मास्क काढला आणि माझ्या तोंडावर बांधला.

माझा नुसता जळफळाट झाला. अरे बाबा, फुप्फुसे तुला आहेत, मला नाहीत! पण मला तोंड असून बोलता कुठे येते? शिफ्टभर तो खोकत राहिला आणि मी गाळलेली हवा ओढत राहिलो. शिफ्ट संपताच मास्क सोडून, मला पुसून त्याने ताईंच्या हवाली केले.

साहजिकच चकती स्वच्छ निघाली. अर्जुनरावांना आयतेच फावले. "बघा मॅडम, उगाच बाऊ करता. हवा एकदम क्लिअर आहे." पाण्याचा टँकर परत गेला, मास्क बंद झाले आणि उरलेले सगळे पत्रे कोरडेच फुटले.

काम संपल्यावर ताई पुन्हा आल्या. तुकडे झाडणाऱ्या सुभद्राबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या समाधाननं लई जपलं बगा तुमचं मशीन. सोताचा मास्क काढून त्याला घातला व्हता."

ताई धावत शेडखाली गेल्या. वर पाहिले तर शेडवर एकही पत्रा उरला नव्हता. समाधान घाबरून जवळ आला. "काय झालं मॅडम? मशीन बिघडलं का?"

"नाही रे," ताई म्हणाल्या. "मशीन ठणठणीत आहे."

मित्रांनो, मला असे जपू नका. धूळ खाऊन मी बिघडलो, तर कपाटातून दुसरा पंप निघेल. समाधान दुसरा कुठून आणणार?