वहाब गादीवाल्यांचा बाण

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बाण आहे. शहाद्याच्या बसस्थानकाजवळ, चौकातल्या खांबावर मला तारेने बांधलं आहे. अंगावर ‘वहाब गादीवाले, आत गल्लीत’ एवढीच अक्षरं आहेत.

तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ केला, पिवळा रंग दिला आणि माझा जन्म झाला. बांधताना वहाबभाई पुन्हा पुन्हा शिडीवरून उतरायचे, लांब उभे राहायचे आणि माझं टोक नेमकं गल्लीकडे आहे ना, ते पाहायचे. काय दिवस होते ते! मोलगीच्या डोंगरातून जीपने आलेली माणसं माझ्याखाली उतरत, मान वर करत आणि आत वळत. गल्लीतून पिंजणयंत्राची घरघर ऐकू येई. उडालेला कापूस माझ्या कडेला चिकटे. “या बाणानेच माझं दुकान चालवलं,” असं वहाबभाई गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

मग माणसं मान खाली घालून चालू लागली. हातात फोन आले. शोधणारा जिथे उभा असेल, तिथून जवळचं दुकान फोन आधी दाखवी. स्टँडवर कुणी ‘गादीचं दुकान’ शोधलं की स्टँडसमोरचं नवं दुकान वर दिसे. आम्ही पडलो गल्लीतले, म्हणून खाली. यंत्र दुपारपासूनच गप्प राहू लागलं. ही लग्नसराई अशीच गेली तर यंत्र विकून टाकू, असं वहाबभाई म्हणाले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

त्यांची मुलगी रिम्शा लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. ती एके दिवशी माझ्याखाली उभी राहिली आणि तिने फोनच्या नकाशात दुकानाची खूण गल्लीऐवजी इथेच, चौकात टाकली. काही दिवसांनी ती फोन घेऊन उड्या मारत गल्लीत शिरली. “अब्बा, हम सबसे ऊपर आ गए!”

पण तोवर माझ्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला होता. वाढदिवस होऊन गेला, तरी भाऊ काही माझ्या अंगावरून उतरेनात आणि त्यांना हात लावायची वहाबभाईंची हिंमत होईना. गिऱ्हाइकं फोन बघत येत. फोन म्हणे, पोहोचलात. समोर पाहावं तर रसवंती आणि चपलांचं दुकान! माणसं वैतागून फोनवरच ‘इथे दुकान नाही’ असं कळवून निघून जात. शेवटी फोनमध्ये आमच्या नावाखाली लाल अक्षरं आली: ‘कायमचे बंद’. आत यंत्राजवळ वहाबभाई वाट पाहत बसलेले आणि इथे ही बोंब! मी ओरडलो असतो, पण पत्र्याला तोंड कुठलं?

एका दुपारी तापीकाठच्या गजराबाई लेकीला घेऊन आल्या. काजलचं लग्न ठरलं होतं.

“माय, ते दुकान बंद व्हई गयं,” काजल फोन दाखवत म्हणाली. “चाल, समोरनं दुकान दखुत.”

“थांब वं. आठे एक पिवळा बाण व्हता. मोठीले बी आठेनच गादी दिन्ही व्हती.”

गजराबाईंनी छत्रीच्या टोकाने फ्लेक्सचा फडफडणारा कोपरा वर सारला. माझ्यावर ऊन पडलं.

“हाई दख! बाण तं गल्लीमझार दखाडी ऱ्हायना.”

दोघी आत गेल्या. परतताना रिम्शा त्यांना चौकापर्यंत सोडायला आली. जाता जाता गजराबाई तिला म्हणाल्या, “पोरी, दुकान गल्लीमा शे तं फोनमा बी गल्लीमाच दखाड ना.” काजलच्या फोनमधली ती लाल अक्षरं वाचताना रिम्शाचे डोळे भरून आले.

संध्याकाळी बापलेक शिडी घेऊन आले. वहाबभाईंनी फ्लेक्स सोडून नीट घडी करून ठेवला, मला पुसलं आणि नवा पिवळा रंग दिला. रिम्शाने नकाशातली खूण दुकानाच्या दारात नेली आणि दुकान चालू असल्याचं कळवलं.

“अब्बा, हम फिर नीचे चले जाएँगे.”

“जाने दे, बेटा. जो आए, उसको दुकान तो मिले.”

तिने माझा फोटो काढून दुकानाच्या नावाखाली टाकला आणि लिहिलं, ‘चौकात पिवळा बाण आहे. तो दाखवेल तिकडे या.’

स्टँडवरून शोधलं तर आम्ही आजही खालीच दिसतो. लग्नसराई संपत आली, पण यंत्र अजून विकलेलं नाही. मित्रांनो, आमच्यासारख्या पाट्यांवर फ्लेक्स लावू नका आणि आपला ठिकाणा खरा सांगा, एवढंच माझं मागणं आहे. परवा एक अनोळखी माणूस फोन बघत आला, थांबला आणि त्याने मान वर केली. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे पाहिलं! “हाच तो,” असं म्हणत तो गल्लीत वळला.