इंग्रजीतलं कुटुंब

माझा धाकटा भाऊ याव बेंपा आयुष्यात कधी कुणाला सरळ 'नाही' म्हणाला नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. लहानपणी आईने विचारलं, भाजलेला मासा कुणी खाल्ला, तर हा म्हणायचा, मी मांजर आत येताना पाहिलं होतं. मांजर रोजच आत यायचं. एक अक्षर खोटं नाही, आणि मार मांजराला. पुढे सरकारने याच गुणाचा त्याला पगार दिला. जिनिव्हा, ब्रुसेल्स, आदिस अबाबा, कुठे कुठे घानाचा राजदूत म्हणून राहिला. दोन देश भांडायला लागले की याव मध्ये बसायचा आणि उठताना दोघांनाही वाटायचं, आपणच जिंकलो.

मी राहिले गावातच, कुमासीच्या पुढे. नाक्यावर माझी फुफूची, म्हणजे कुटलेल्या कंदाचा गोळा आणि सूप यांची, खानावळ आहे. नवरा गेला तेव्हा पोकुआ पाळण्यातली होती. पण तिचं कसं होणार अशी काळजी कुणी केली नाही, कारण तिला मामा होता.

आम्हा आकान लोकांत कूळ आईकडून चालतं. त्याला अबुसुआ म्हणतात. पुरुषाची मुलं बायकोच्या अबुसुआची. त्याची स्वतःची माणसं म्हणजे बहिणीची पोरं. यावची दोन्ही मुलं लंडनला शिकली, गुणी आहेत, पण ती एफुआची, माझ्या भावजयीच्या माहेरची. आमच्या घरातला दिवा म्हणजे माझी पोकुआ. सुट्टीवर आला की याव तिला मांडीवर घेऊन सगळ्यांना सांगायचा, ही मालकीण, मी नुसता राखणदार.

नोकरी संपली आणि पक्षवाले त्याच्या मागे लागले. उमेदवारी कुठली, तर आमच्याच भागातली, कारण इथे आमचं कूळ मोठं. आमच्या अबुसुआच्या बायका त्याच्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरल्या. कार्यकर्ते माझ्या खानावळीत जेवले. याव आमचं मानाचं रंगीत वस्त्र, केंटे, नेसून गाडीच्या टपावर उभा राहिला आणि निवडून आला, आणि थोड्याच दिवसांत परराष्ट्रमंत्री झाला.

त्याच गडबडीत पोकुआ आखातात गेली. एका एजंटाने घरकामाची नोकरी देतो म्हणून सांगितलं. तिने मामाला विचारलं होतं. मामा म्हणाला, विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जिनिव्हात त्याचा अर्थ 'जाऊ नकोस' असा होत असेल. माझ्या पोरीला तो होकार वाटला.

तिथे मालकिणीने पासपोर्ट काढून घेतला. स्वयंपाकघराच्या जमिनीवर झोपायला जागा दिली. एकदा चहा गार झाला म्हणून तिच्या हातावर उकळतं पाणी ओतलं, तेव्हा पोकुआ पळाली आणि पोलिसांकडे गेली. पोलिसांनी पळालेल्या मुलींच्या कोठडीत टाकलं. त्या कोठडीचा नियम असा, की मालक न्यायला आला की मुलगी त्याच्या हवाली करायची. पोकुआने तिथल्या बाईअधिकाऱ्याला सांगितलं, घानाचे परराष्ट्रमंत्री माझे सख्खे मामा आहेत. बाई घाबरली. मालक आला तर त्याला म्हणाली, चौकशी होईपर्यंत मुलगी मिळणार नाही.

कुणाचा तरी फोन मागून पोकुआ बोलली. "आई, इथे मामाचं नाव चालतं गं. मामाला एवढंच सांग, कुणी विचारलं तर हो म्हण."

मी यावला फोन केला. तो म्हणाला, मी लक्ष घातलंय. मी वेडी, अख्ख्या बाजारात सांगत सुटले, माझी लेक येतेय.

मग ते वर्तमानपत्रवाल्यांना कळलं. नेमका तेव्हाच याव त्या देशाशी मोठा करार करत होता. वर्षाला हजारो मुली रीतसर घरकामाला पाठवायच्या, दोन्ही सरकारांच्या शिक्क्यानिशी. राजधानीत, आक्रात, पत्रकारांनी त्याला गाठून विचारलं, तुमचीच भाची तिथे कोठडीत आहे हे खरं का? याव इंग्रजीत म्हणाला, ती तरुणी माझ्या जवळच्या कुटुंबातली नाही. मांजर आत आलेलं मी पाहिलं होतं.

रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा माझी खानावळ भरलेली होती. आमचा तो बातम्या देणारा साधी बातमीही नाटकासारखी रंगवतो. कुटुंबाला आमच्या भाषेत शब्द एकच, त्याने तोच घातला. म्हणाला, "मंत्रिमहोदय सांगतात, ही मुलगी माझ्या अबुसुआची नाही!"

फुफूत बुडालेली बोटं तिथेच थांबली. आमच्यात असं वाक्य कुणी भांडणातही उच्चारत नाही. बहिणीची मुलगी अबुसुआची नसेल तर दोनच अर्थ निघतात. एकतर ती मुलगी तिच्या आईची नाही, नाहीतर आई तिच्या आईची नाही. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या ओपानिन सेकेरेंनी तोंडातला घास गिळला आणि सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "मग आबेना, तू कुणाची गं?"

लोक हसले. त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते. मी पातेल्यावर झाकण घातलं, दुकान शेजारणीवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आक्रा गाठलं.

मंत्र्याच्या बंगल्यावर एफुआने मला बसवलं आणि पाणी दिलं. आमच्याकडे पाहुणा पाणी प्यायला की घरच्याने विचारायचं असतं, इकडे सगळं ठीक आहे, तुमचं येणं कसं झालं? विचारलं की पाहुणा आपलं काम सांगतो, आणि एकदा सांगितलं की घरच्याला उत्तर देणं भाग असतं. यावने विचारलंच नाही. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तेलाच्या भावाबद्दल बोलला, खानावळीवर पत्रे नवे घालू या म्हणाला. असे किती राजदूत याने पाणी पाजून परत पाठवले असतील कुणास ठाऊक.

"याव, मला विचार," मी म्हटलं.

"काय विचारू, ताई?"

"मी का आले ते."

"तू घरची. घरच्या माणसाला का आलीस म्हणून विचारतात का?"

"घरची आहे होय मी? रेडिओवर तर वेगळंच ऐकलं."

त्याने चष्मा काढून पुसला. मग समजावायला लागला, तेही शाळेतल्या पोराला समजावावं तसं हळू. तो इंग्रजीत बोलला होता. इंग्रजीत ते वाक्य पूर्ण बरोबर होतं. तिकडे जवळचं कुटुंब म्हणजे बायको आणि मुलं. रेडिओवाल्याने गाढवपणा केला, त्याला तो काय करणार.

"बरं," मी म्हटलं. "इंग्रजीत पोकुआ तुझी कोण?"

"भाची."

"आणि आपल्या भाषेत?"

याव दाराकडे बघायला लागला. दाराबाहेर त्याचा सचिव उभा होता. एफुआच पुटपुटली, "सांगा ना त्यांना. मी किनाऱ्याकडची, फान्ती जमातीची असले तरी मलाही ठाऊक आहे." आमच्या घराण्यात त्या दिवशी लाज होती ती एवढ्या एका परक्या बाईलाच.

याव म्हणाला, करार होऊ दे. सह्या झाल्या की मी स्वतः जातो. आता मी तिला माझी म्हटलं, तर विरोधक विचारतील, जिथे याची स्वतःची पोर मार खातेय तिथे हा आपल्या मुली का पाठवतो? करार मोडेल, पक्षाचं तोंड काळं होईल. "एका मुलीसाठी देशाने हात पसरायचा नसतो, ताई."

"देशाला कोण सांगतंय? मी मामाला सांगतेय. कुणी विचारलं तर हो म्हण, एवढंच."

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "विचारलं त्यांनी."

"कुणी?"

"त्यांच्या वकिलातीने. कालच. ही बाई मंत्र्यांची नातेवाईक आहे का म्हणून. मी जाहीर बोलून बसलो होतो, ताई. त्याच्या उलट कसं कळवणार?"

तेव्हा मला कळलं, की मी बसमध्ये बसायच्या आधीच सगळं संपलेलं होतं, आणि हा मला पत्र्यांचं सांगत होता. मी त्याला शिव्या दिल्या. आमच्या आईचं नाव घेऊन दिल्या, सचिवाला ऐकू जातील अशा दिल्या. याव मान खाली घालून ऐकत राहिला. शिव्या ऐकून घेण्याचंही शिक्षण राजदूतांना देत असावेत.

पोकुआला मालकाच्या हवाली केलं. त्यानंतर तिचा फोन लागेना. करारावर सह्या झाल्या. वर्तमानपत्रात यावचा फोटो आला, पांढऱ्या झग्यातल्या माणसाशी हात मिळवताना. पुढचा पाऊसकाळ आला आणि गेला. मी सूप ढवळायचे आणि उकळी फुटली की मला तिचा हात दिसायचा.

मग निवडणूक आली. आमच्या अबुसुआच्या एकाही बाईने या खेपेला उंबरठा ओलांडला नाही. यावला निरोप गेला, मंत्रिसाहेबांनी आपल्या जवळच्या कुटुंबाला प्रचाराला बोलवावं. घाबरला. लगोलग सरकारने आखातातल्या अडकलेल्या मुलींचं एक विमान आणायचं ठरवलं, आणि त्या मुलींत पोकुआ होती.

आक्राच्या विमानतळावर मी गेले. कॅमेरे होते, ढोल होते, याव केंटे नेसून पुढे उभा. मुली बाहेर आल्या. माझी ओळखायला मला वेळ लागला. ती निम्मी झाली होती, आणि डावा हात ओढणीखाली झाकलेला होता. मी धावत जाऊन तिला धरलं. तेवढ्यात याव आला, त्याने आम्हा दोघींना एकदम मिठीत घेतलं आणि सगळ्या माइकांसमोर, इंग्रजीत नाही, आमच्या भाषेत, खणखणीत आवाजात म्हणाला, "ही माझी पोर आहे. माझ्या अबुसुआची."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं, मी भावाला ओळखते. एवढं एक वाक्य मी त्याच्याकडे मागायला गेले होते.

एका पोरसवदा पत्रकार बाईने पोकुआपुढे माइक धरला. "हे तुमचे मामा ना?"

पोकुआचं अंग माझ्या हातात ताठ झालं. "नाही," ती घाईघाईने म्हणाली. "नाही, बाई. मला मामा नाहीत. मी तेव्हा खोटं बोलले होते, माझी चूक झाली. साहेबांचे उपकार आहेत."

यावने तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. ढोल वाजतच होते. लोकांना वाटलं, पोरीने मामाला टोला हाणला. मागे कुणीतरी हसलंही. मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि बरं वाटलं. पण तिची नखं माझ्या दंडात रुतली होती.

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. मालकाकडे परत धाडायच्या आधी त्या बाईअधिकाऱ्याने यावचं उत्तर तिला वाचून दाखवलं आणि उभं करून तिच्याकडून कबुली घेतली, की मंत्री माझे कुणी लागत नाहीत. पुन्हा कधी, कुठेही, मामा म्हणालीस तर खोटारडेपणाचा खटला भरू आणि असशील तिथून उचलून आणू, असं बजावलं.

"तिथे कॅमेरे होते गं," पोकुआ म्हणाली. मागच्या काचेतून ती पुन्हा पुन्हा रस्ता बघत होती. "ते लोकही बघतील. आई, मी बरोबर बोलले ना?"

मी म्हटलं, बरोबर बोललीस.