एकही बोंड न ठेवता

होलिसनं मार्चमध्ये काचघरात कापूस लावला, तेव्हाच मी म्हटलं होतं, उपटून टाक. बाहेर बर्फ होतं. हडसन नदीकाठच्या आमच्या मातीनं कापूस कधी पाहिला नव्हता. आमची शेती शाळांसाठी. शहरातली मुलं येतात, गाजरं उपटतात, शेळीला पाला भरवतात, नुकतं घातलेलं अंडं मुठीत धरतात आणि त्याची ऊब लागली की गप्प होतात. होलिस इथला संचालक. त्याचं एकच पालुपद, "हाताला कळलं की डोक्याला कळतं."

"गुलामगिरी पुस्तकातून कुणाला कळते, ओर्लिया?" तो तेव्हा हसत म्हणाला होता. "तीही हातालाच कळू दे."

शिकवणाऱ्या आम्हा नऊ जणांत काळी मी एकटी. माझी आई तिकडे दक्षिणेत, जॉर्जियात, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणीला जायची. मरेपर्यंत तिनं बोटं पसरून कुणाला दाखवली नाहीत.

ऑक्टोबरात बोंडं फुटली, आणि त्याच आठवड्यात वर्णद्वेषविरोधी प्रशिक्षण आलं. शिकवायला विनिफ्रेड नावाची गोरी बाई शहरातून आली. गवताच्या गठ्ठ्यांवर गोल करून बसायचं आणि आपल्याला कशाची लाज वाटते ते एकेकानं सांगायचं. प्रत्येक जण आपलं सांगून संपवायचा आणि माझ्याकडे बघायचा, जसं काही मी पाठीवर हात फिरवून म्हणणार, जा, सुटलास.

गायींकडे बघणारा म्हातारा गस म्हणाला, "माझ्या बारा गायी पान्हावल्यात. लाज वाटायला मला वेळ नाही."

दुपारी होलिस उभा राहिला. "आता बोलणं पुरे, हात चालवू. उद्या शहरातल्या ब्राँक्समधून चौथीचा वर्ग येतोय. त्यांच्या कापसाच्या धड्याची आज आपण तालीम करू. वेचायला ओर्लिया शिकवेल. तिच्या रक्तातच आहे ते."

त्या वर्गाला भेटायला मीच गेले होते. बावीस मुलं, त्यातली एकोणीस माझ्या रंगाची. त्या बोटांना काटा लावून हा माणूस त्यांना त्यांचीच गोष्ट शिकवणार होता.

"उद्याचा धडा रद्द कर," मी म्हटलं.

"आज आपण शिकायला जमलोय, भांडायला नाही."

विनिफ्रेडनं छातीवर हात ठेवला. "ओर्लिया, तुझा राग आम्ही ऐकतोय."

"ऐकताय तर झाडं उपटा."

कुणी हललं नाही. कुणीतरी नाक ओढलं. मग मीच उठले.

"बरं. शिकवते. पण माझ्या आईच्या रीतीनं. पोतं गळ्यात. हातमोजे नाहीत. ओळ संपेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. आणि मागं वळून पाहिलं तर झाडावर पांढरं दिसता कामा नये."

विनिफ्रेड म्हणाली, हे फार मोलाचं आहे. होलिसनं मान डोलावली. न डोलावून करतो काय, बाई वहीत लिहीत होती.

काचघरात साठ झाडं, दहा माणसं. बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांना सुया येतात. कापूस मऊ दिसतो, पण हात घातला की नखाशेजारची कातडी सोलतो. मी मागून चालत होते आणि आईचं गाणं तोंडात आलं.

*पांढरं पांढरं रान, त्याला लाल लाल टिपका,*
*माझ्या बोटाचा गं थेंब, तुझ्या सदऱ्याचा कपडा.*

"गाय बरी," गस पुटपुटला, "लाथ मारते, पण चावत नाही."

होलिसच्या दोन्ही अंगठ्यांतून रक्त आलं. "मला हातमोजे लागतील."

"उद्या मुलांना देणार होतास?"

"त्यांची बोटं लहान. त्यांना टोचणार नाही."

"वाक," मी म्हटलं.

विनिफ्रेड रडायला लागली. मी म्हटलं, रड, पण हात थांबवू नकोस.

शेवटच्या दोन ओळींपाशी होलिस थबकला. "एवढ्या राहू दे. उद्यासाठी."

"आईनं एकदा ओळ सोडली होती. मुकादमानं तिला चाबकानं फोडलं. सोडायचं नाही." मी विनिफ्रेडकडे वळले. "की सोडायचं? तू सांग."

"नको," ती डोळे पुसत म्हणाली. "आपण पूर्ण करू या."

ती डोळ्यांपुढं उभी असताना होलिसच्या तोंडून नाही निघेना. तो वाकला. शेवटचं बोंड त्यानंच वेचलं.

मग त्यानं मागं पाहिलं. साठ तपकिरी काटक्या. त्याला आत्ता कळलं.

"उद्या मुलं काय वेचणार?"

"बटाटे. तिकडच्या वाफ्यात तयार आहेत."

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"प्रशिक्षणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, मला..." त्यानं आवाज खाली घेतला. "उद्या तू वर्गाबरोबर नसशील. अंडी धुवायला बस. आणि पुढच्या मार्चमध्ये मी पुन्हा लावेन."

"लाव. मी इथंच असेन."

सकाळी मी अंडी धूत होते. खिडकीतून मुलं रांगेनं जाताना दिसली. माझ्याकडे कुणाला येऊ दिलं नव्हतं. काचघराशी एक पोरगी थांबली, काचेला नाक लावून म्हणाली, "ही कसली झाडं?"

होलिसच्या आठ बोटांना पट्ट्या होत्या. त्यानं माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी अंडं उजेडात धरलं आणि पुसत राहिले.

"वाळलीत ती," तो म्हणाला. "चला, बटाटे तिकडे आहेत."