तुम्ही म्हणाल तसं

बुधवारी दुपारी प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत पाळकबाईंचा महिलावर्ग भरायचा. काही बायका देवाच्या ओढीने यायच्या, काही घरातून तासभर सुटका म्हणून, पण बहुतेकजणी यायच्या त्या बाईंचं बोलणं ऐकायला. बाईंच्या जिभेला धार होती आणि त्या धारेला मधही लावलेला असायचा. कठीण वचनसुद्धा त्या भाजी निवडल्यासारखं सोपं करून सांगायच्या.

त्या बुधवारी विषय नेहमीचाच होता, नवरा कुटुंबाचं मस्तक आणि बायको त्याच्या अधीन. एका नव्या सुनेने भीतभीत विचारलं, "बाई, पण आपल्याला त्यांचं पटलं नाही तर?"

"तर सांगावं की! तोंड दिलंय देवाने," बाई म्हणाल्या. "पण सांगून झालं की सोडून द्यावं. अगं, धडाला एकच डोकं शोभतं. दोन डोक्यांचं वासरू जन्मलं तर लोक तिकीट काढून बघायला येतात, पण त्याला गोठ्यात कुणी ठेवत नाही!"

खोलीभर हशा पिकला. शेवटच्या रांगेत बाईंची मुलगी बसली होती. शाळेत गाणं शिकवायची म्हणून घरचे-दारचे सगळे तिला मैना म्हणत. ती आठव्या महिन्यात होती आणि सुजलेले पाय समोरच्या खुर्चीच्या दांडीवर टेकवून बसली होती. तीही हसली. हा विनोद तिने लहानपणापासून ऐकला होता.

मैनेचा नवरा बँकेत कामाला होता. हात उगारणाऱ्यांतला तो नव्हता, आवाजही कधी चढवायचा नाही. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायचा. चर्चच्या मंडळीतल्या बायका मैनेला म्हणत, "नशीब काढलंस गं." फक्त घरातला शेवटचा शब्द त्याचा असे. पडदे कोणते लावायचे, मैनेने माहेरी किती दिवस राहायचं, शाळेतली नोकरी बाळंतपणानंतर करायची की सोडायची, हे सगळं तो शांतपणे प्रार्थना करून ठरवायचा आणि मग शांतपणे सांगायचा. मैना 'बरं' म्हणायची. ते 'बरं' तिला तिच्या आईने शिकवलं होतं.

शुक्रवारी सकाळी मंडळीतले पुरुष दोन दिवसांच्या शिबिराला गेले. बाईंचे यजमान, म्हणजे मंडळीचे पाळकसाहेब, तिथे 'कुटुंबप्रमुखाची जबाबदारी' या विषयावर बोलणार होते आणि जावई गीतांची व्यवस्था बघणार होता. मन विचलित होऊ नये म्हणून मोबाइल दारातच काढून ठेवायचे, असा शिबिराचा नियम होता. बाई मैनेच्या सोबतीला तिच्या घरी राहायला गेल्या.

त्याच दिवशी मैनेची तपासणी होती. बाई सोबत निघाल्या, तर मैना म्हणाली, "तू बस गं, कोपऱ्यावर तर आहे." परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"रक्तदाब फार वाढलाय म्हणाल्या डॉक्टर. आजच्या आज दाखल व्हा म्हणतात. वेळ पडली तर बाळाला लवकर बाहेर काढावं लागेल."

"अगंबाई! मग?"

"मग काय? हे सांगून गेलेत, मी येईपर्यंत दवाखान्याचं काही ठरवू नकोस. गेल्या तपासणीलाही डॉक्टरांनी असंच घाबरवलं होतं, तेव्हा काही झालं नाही ना." मैना पलंगावर टेकली आणि तिने कपाळ दाबून धरलं. "आई, डोकं ठणकतंय. तुझ्या चेहऱ्याभोवती काजवे चमकताहेत."

त्यांनी मैनेच्या पायावर बोट दाबून पाहिलं, तर कणकेत रुतावं तसं ते रुतलं आणि खळगा तसाच राहिला. बाईंनी दोन बाळंतपणं काढली होती, अनेकींची पाहिली होती. त्यांना कळायचं ते कळलं. हे इथे नीट लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे अनेकांनी त्यांची समजूत काढली, "बाई, तुम्हाला कुठे माहीत होतं?" त्यांना माहीत होतं.

त्यांनी शिबिराच्या जागी फोन लावला. तिथल्या रखवालदाराने जावयाला बोलावून आणायला बराच वेळ लावला. मागे पुरुषांचं समूहगान चाललेलं ऐकू येत होतं. जावई आला तेव्हा बाईंनी फोन मैनेकडे दिला. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "हे बघ, घाबरू नकोस. दवाखान्याचा धंदाच आहे तो. एकदा दाखल झालीस की पोट फाडल्याशिवाय सोडत नाहीत. उद्या संध्याकाळी मी येतोच आहे. आपण एकत्र प्रार्थना करू आणि ठरवू."

मैनेने फोन आईपुढे धरला. "आई, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

बाईंनी फोन घेतला. मैना त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तापात असताना ती अशीच बघायची, आई आता काहीतरी करेल अशा खात्रीने.

"आई, तुम्ही आहात ना तिच्याजवळ? मग मला काळजी नाही," जावई म्हणाला. "तिला आराम करू द्या. उद्यापर्यंत थांबा."

बाईंच्या ओठांवर दुसरं वाक्य होतं. पण इतक्या वर्षांची सवय त्या वाक्याच्या आधी बाहेर पडली.

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

मैनेने नजर खाली वळवली. ती रागावली नाही, रडली नाही. कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून निजली. बाईंनी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली, उशाशी बसून प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत जावयाला सुबुद्धी मागितली. स्वतःसाठी काही मागायचं त्यांना सुचलं नाही.

शनिवारी सकाळी चहा ठेवायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मैना जमिनीवर होती. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, सगळं अंग झटके देत होतं. बाईंची किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई तशीच गळ्यात टेप घेऊन धावत वर आली. तिने कुणाला काही विचारलं नाही. खिडकीतून ओरडून गाडी थांबवली, चौघांच्या मदतीने मैनेला खाली नेलं.

मैना वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती, डोकंभर जावळ असलेली.

डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्यांनी विचारलं, "काल मी स्पष्ट सांगितलं होतं. का आणलं नाही?"

"जावई बाहेर होते," बाई पुटपुटल्या.

"मी जावयाचं विचारत नाहीये. तुम्ही घरात होतात ना?"

बाई बाकावर बसून राहिल्या.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी 'देवाची इच्छा' म्हटलं. त्यांनी प्रार्थना पुरी केली. घरी आल्यावर ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. नळाच्या आवाजाआड ते रडत होते, हे बाईंना कळत होतं. आणखी एक गोष्ट त्यांना नंतर कळली. जावयाने फोन ठेवल्यावर सासऱ्यांना विचारलं होतं आणि सासरे म्हणाले होते, "तू कुटुंबप्रमुख आहेस, निर्णय तुझा." म्हणजे बापाने जावयावर सोडलं, जावयाने देवावर सोडलं, आणि आईने सगळ्यांना होकार दिला. जिचा जीव जात होता, तिला कुणी विचारलंच नाही.

मैना दवाखान्यातून ना सासरी गेली ना माहेरी. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी गेली. जावई रोज तिथे जाऊन दारात उभा राहायचा. एकदा तो बाईंना म्हणाला, "आई, मी फक्त थांबा म्हणालो होतो. एवढं असेल हे मला कुणीच ठासून सांगितलं नाही." त्याचे गाल बसले होते. बाईंना त्याची चीड यायला हवी होती, पण ती येईना. कारण तो म्हणाला ते खरं होतं. ठासून सांगणारं माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि ते मूग गिळून बसलं होतं.

काही दिवसांनी पाळकसाहेब जेवताना म्हणाले, "येत्या बुधवारी तू साक्ष दे. एवढ्या संकटातही आपली पोर आज्ञेत राहिली. मंडळीला धीर येईल."

बाईंचा हात ताटातच थांबला. "अहो, ती देवाची इच्छा होती, की आपली?"

"असं बोलू नये."

"विचारतेय फक्त."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

बुधवारी मागची खोली गच्च भरली होती. पाळकबाईंची साक्ष आहे म्हटल्यावर साहेब आणि मंडळीचा कारभार बघणारे दोन वडीलजनही भिंतीशी खुर्च्या टाकून बसले. बाई उभ्या राहिल्या.

"मी साक्ष द्यायला उभी आहे," त्या म्हणाल्या. "साक्ष म्हणजे पाहिलेलं खरं सांगणं. तर मी खरं सांगते. माझी नात देवाने नेली नाही. डॉक्टर आणा म्हणत होत्या, पोर 'आई, तू सांग' म्हणत होती, आणि मी फोनवर म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. तेवढ्याने ती मेली."

बाई पुढे बोलत गेल्या. पायात रुतलेलं बोट सांगितलं, काजवे सांगितले, भिंतीकडे वळलेली पाठ सांगितली. "इथे बसून मी तुम्हाला दोन डोक्यांच्या वासराची गोष्ट सांगून हसवलं. त्या दिवशीही माझी मुलगी हसली. माझ्या विनोदावर विश्वास ठेवला तिने. बायांनो, धडाला डोकं एकच असतं हे खरं, आणि देवाने ते प्रत्येकीच्या खांद्यावर वेगळं दिलंय. उद्या तुमच्या अंगाला काही झालं, लेकराला झालं, तर कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. देवाने रागावायचं ठरवलं तर माझ्यावर रागावेल."

"बाई, पुरे आता," एक वडीलजन उठले. "हे शिक्षण मंडळीच्या मताविरुद्ध आहे."

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "पुरुषांना शिकवायचा मला अधिकार नाही, हे माहीत आहे मला. म्हणून तुमच्याशी मी बोलतच नाहीये. मी बायकांशी बोलतेय."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच रडू लागलं. ती त्या बुधवारची भित्री नवी सून होती.

वर्ग त्याच आठवड्यात काढून घेतला. साहेबांना वडीलजनांपुढे उभं राहावं लागलं. घरात अबोला पसरला. एका सकाळी चहाचा कप पुढे घेत साहेबच बोलले, "माझ्याशी आधी बोलली असतीस तर?"

"तर तुम्ही नको म्हणाला असता," बाई म्हणाल्या, "आणि मी ऐकलं असतं."

साहेबांनी हलकेच मान डोलावली.

बाई मैनेकडे गेल्या तेव्हा ती खिडकीशी बसून मुलांच्या गाण्याच्या वह्या तपासत होती. मैत्रिणीने चहा आणून दिला आणि ती आत गेली.

"ऐकलं मी," मैना म्हणाली. "फार छान बोललीस म्हणे."

बाईंना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. "मैना..."

"खोलीभर बायकांपुढे एवढं बोललीस. त्या दिवशी एकाच माणसाशी बोलायचं होतं, आई. एकच वाक्य."

"हो."

"मी रात्रभर वाट बघत होते. वाटलं, आता उठशील, म्हणशील, चल. मी आले असते गं. तू नुसतं चल म्हणायचं होतंस."

बाईंनी सबब सांगितली नाही. सवय, शिकवण, वय, सगळ्या सबबी जिभेवर आल्या आणि त्यांनी त्या गिळल्या. "हो," एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या.

"मला तुला माफ करता येत नाही अजून."

"नको करूस. माझ्यासाठी घाई करू नकोस."

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. मग मैनेने विचारलं, "आता काय करणार? वर्ग तर गेला."

"तिघीजणी घरी येऊ का विचारत होत्या. ये म्हटलंय. बाबांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं."

"त्यांना काय शिकवणार?"

"तुझ्यावर काय गुदरलं ते सांगेन. म्हणजे त्या तरी..."

"नको." मैनेने वही मिटली. पहिल्यांदाच तिने आईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "माझ्यावरून धडा शिकवू नकोस, आई. आयुष्यभर तेच केलंस, मला चांगल्या मुलीचं उदाहरण केलंस. आता तुझ्यावरून शिकव."

पुढच्या बुधवारी पाळकबाईंच्या स्वयंपाकघरात तिघी येणार होत्या, पाचजणी आल्या. खुर्च्या पुरेनात, दोघी खालीच बसल्या. बाईंनी या वेळी एकही विनोद केला नाही. त्यांनी दार लोटलं, पदराने हात पुसले आणि बोलायला सुरुवात केली, "मी एक आई होते, आणि माझी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती..."