शैवाकाला पाणी

धाकटीने पाहणीच्या कागदावर 'मृत' असं लिहिलं, खाली ताईने डोळे झाकून सही केली आणि दोघी बहिणी चहाला गेल्या. एकाच कचेरीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या या दोघी. दगडफुलाच्या जातीचं, जमिनीवर पानांसारखं पसरणारं शैवाक वाळलं की मेल्यासारखंच दिसतं; ते कसं तपासायचं, हे ताईनेच धाकटीला शिकवलेलं: आधी पाणी शिंपडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग बघायचं. धाकटीने त्या दिवशी उन्हाला कंटाळून नेमकं तेवढंच गाळलं.

हे दुर्मीळ शैवाक जिवंत असतं तर ते ज्या उतारावर वाढलं होतं, त्याला कायद्याने कुणी हात लावू शकलं नसतं. आठवड्याने, वाहनतळासाठी उतार सपाट करायचा त्याच सकाळी, न शिंपडलेलं पाणी धाकटीला आठवलं आणि ती न्याहारीवरून तशीच उठली. बाटली घेऊन ती धावतच सुटली.

खोदायचं यंत्र उताराच्या पायथ्याशी आलंच होतं. तिने मुकादमाकडे दहा मिनिटं मागितली, त्याने कुरकुरत दिली. शैवाक चुरगळलेल्या खाकी कागदासारखं पडलं होतं. पाणी ओतून ती येरझाऱ्या घालू लागली. दोन मिनिटांत तीनदा घड्याळ पाहिलं. खरं सांगायचं तर या धाकट्या बाईसाहेबांना ते मेलेलंच हवं होतं. इतकी वर्षं मातीला धरून राहिलेल्या जिवाचं मरण ती मागत होती, का तर आपला एक शब्द खरा ठरावा. तिची तिलाच लाज वाटली, तरी मन ऐकेना.

चौथ्या मिनिटाला कडा मऊ पडल्या. मग सगळंच काळपट हिरवं झालं.

तिने ताईला फोन लावून एका दमात सगळं सांगून टाकलं. वर हेही, की चूक आपल्या एकटीचीच म्हणून लिहिते. बढती तोंडावर आलेली असताना ताईला यात ओढायचं नाही.

ताईने विचारलं, "यंत्र थांबलंय का?"

"थांबलंय. पण मुकादमाला लेखी हवंय."

"मग लिहून दे. आणि मी न बघता सही केली, तेही लिही."

"ताई, कशाला उगाच?"

"पाणी घातलंस का, हे विचारायचं काम माझं होतं. नाही विचारलं, कारण तू होतीस."

धाकटीने यंत्राच्या पत्र्यावर कागद टेकवला. आपली चूक तिने भराभर लिहिली. ताईचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मात्र पेन पुढे सरकेना.